साथीची साक्ष

साथरोग कायदा, १८९७ हा आपल्याकडच्या सर्वांत आखूड कायद्यांपैकी एक आहे. मूळ कायद्यात कलमे फक्त चार. पहिल्यात कायद्याचे नाव. दुसऱ्यात असे म्हटले आहे की, नेहमीचे कायदे अपुरे पडत आहेत असे सरकारला वाटले, तर सरकार किंवा ते नेमील तो माणूस जरूर ते नियम करील, प्रवाशांची तपासणी करील, संशयितांना वेगळे काढून ठेवील. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. आणि चौथ्यात, या कायद्याखाली कोणी सद्‌हेतूने काही केले तर त्याच्यावर दावा लावता येणार नाही, असे अभय. संपला कायदा. मी उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली. तिथे दुचाकीच्या कर्जाच्या करारनाम्याला याहून जास्त कागद लागत.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा झाला, तो मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या धास्तीने. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने तोच कायदा पुण्यासह राज्यातल्या काही शहरांत लागू केला. मधल्या १२३ वर्षांत राणीचे राज्य गेले, राज्यघटना आली, पण ही चार कलमे जवळजवळ जिथल्या तिथे होती. पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणाऱ्यांना कडक शिक्षेची तरतूद त्यात घातली, एवढीच काय ती मोठी भर.

सरकारच्या हाती किती अधिकार द्यावेत, ते कोणाच्या भरवशावर द्यावेत आणि त्यांचा हिशेब कोणी मागावा, याच प्रश्नांभोवती राज्यशास्त्र हा विषय फिरतो. ते प्रश्न २०२० साली पुस्तकातून उठून आपल्या सोसायटीच्या फाटकापर्यंत आले होते. त्या दोन वर्षांत आपल्या शहरात हा विषय कसा शिकवला गेला आणि त्यावर संशोधन काय झाले, हे मी गेले काही महिने जमेल तसे पाहतो आहे. कशाला पुन्हा ते कोविडचे दळण, असे काही वाचकांना वाटेल. प्रत्येकाच्या घरात त्या दिवसांची एखादी दुखरी जागा आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितो, कारण एक गोष्ट हातातून निसटत चालली आहे अशी माझी खात्री झाली आहे.

या विषयासाठी पुण्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतले जुने गव्हर्नमेंट हाऊस. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. त्या समारंभातून परतताना गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. आणि त्याच विद्यापीठाला २०१४ पासून जे नाव आहे, त्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या, त्याच वर्षी १० मार्चला. म्हणजे राज्यशास्त्राचा विद्यार्थी विद्यापीठात शिरतो तेव्हा फाटकावर एक १८९७ असते आणि मुख्य इमारतीत दुसरे. पहिल्यात साथीत माणसाने माणसासाठी काय केले ते आहे, दुसऱ्यात साथीच्या नावाखाली सरकारने काय केले ते. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्णही पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० रोजी. सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी.

त्यानंतरच्या वर्षभरात जे घडले, ते एखाद्या परीक्षकाने प्रश्नपत्रिका काढावी तसे घडत गेले. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय. एका राज्यातला संसर्ग दुसऱ्या राज्यात जाऊ न देणे हा समवर्ती सूचीतला. आणि देशभराची टाळेबंदी आली ती केंद्राच्या आदेशाने, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. मग निर्णय कोणाचा? मुख्यमंत्री उद्धव ठाकरे त्या वेळी विधिमंडळाच्या कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. शपथविधीपासून सहा महिन्यांत निवडून येणे घटनेने बंधनकारक, आणि निवडणुका साथीमुळे पुढे ढकललेल्या. मंत्रिमंडळाने त्यांना नामनियुक्त करण्याची शिफारस केली, राज्यपाल निर्णय घेईनात. अखेर निवडणूक आयोगाने निवडणूक लावली आणि मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. कलम १६४ चे चौथे उपकलम एरवी विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. ते त्या महिन्यात रोज संध्याकाळी दूरदर्शन संचावर वाजत होते.

अंतिम वर्षाच्या परीक्षांचा घोळ तर विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या ताटातला. राज्य म्हणाले, परीक्षा घेणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, घ्याव्याच लागतील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला: परीक्षा घेतल्याविना पदवी देता येणार नाही, फार तर मुदत वाढवून मागा. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे ही केंद्रसूचीतली ६६ क्रमांकाची बाब. ती एवढी जिवंत होऊन एरवी कधी समोर आली असती? आणि मग पुण्यात ऑक्टोबरात परीक्षा झाल्या त्या बहुपर्यायी प्रश्नांच्या. ज्या मुलांनी संघराज्य म्हणजे काय ते सहा महिने अंगावर सोसले, त्यांनी चारपैकी एका पर्यायावर खूण केली आणि ती पदवीधर झाली.

याहून मोठी गंमत दिल्लीत झाली. मुलांवरचा भार कमी करावा म्हणून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रमाला कात्री लावली. अकरावीच्या राज्यशास्त्रातून त्या वर्षापुरते जे धडे पूर्ण वगळले गेले त्यांची नावे अशी: संघराज्यवाद, नागरिकत्व, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या धड्यातलाही बराचसा भाग गेला. ओरड झाल्यावर मंडळाने खुलासा केला की ही सवलत एका वर्षापुरती आहे आणि हे विषय इतरत्र येतातच. असेल. पण रुग्णवाहिका कोणाला फोन केला की येते, हे ज्या वर्षी घरातल्या म्हाताऱ्यांनाही शिकावे लागले, त्याच वर्षी महापालिका कशासाठी असते हा धडा गाळावा, याला काय म्हणावे?

सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. आमच्या शेजारच्या इमारतीत राज्यशास्त्राच्या एक प्राध्यापिका राहतात. शहरातल्या एका महाविद्यालयात पंचवीसहून अधिक वर्षे शिकवताहेत. त्यांचे विद्यार्थी बहुतेक बाहेरगावचे: बीड, परभणी, लातूर, सोलापूर, नंदुरबार. कॉट बेसिसवर सदाशिव-नारायण पेठेत राहणारे, मेसचा डबा खाणारे, सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका असा दिवस काढणारे. मार्च २०२० मध्ये अभ्यासिका बंद, मेस बंद. दोन दिवसांत पेठा रिकाम्या झाल्या. मुले मिळेल त्या वाहनाने गावाकडे गेली.

आणि गावाने त्यांना वेशीवर अडवले. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या, आडवे ओंडके, पुण्या-मुंबईच्या माणसाला प्रवेश नाही अशा पाट्या. पोरगा आपलाच, आईबाप समोर उभे, पण चौदा दिवस मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाईंच्या एका विद्यार्थ्याने शाळेच्या ज्या वर्गात बाराखडी गिरवली होती, त्याच वर्गात सतरंजीवर बसून त्यांचे ऑनलाइन तास केले. ‘मॅडम, रेंज जाते, मी टाकीवर चढून बसतो,’ हा त्या दिवसांतला हजेरीचा नमुना. राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे २०१७-१८ मध्ये देशातल्या चारपैकी एकाही घरात धड इंटरनेट नव्हते. नेमके सांगायचे तर सुमारे २४ टक्के घरांत होते, आणि खेड्यांत १५ टक्के. बाईंच्या सत्तर मुलांच्या वर्गात तासाला कधी वीस असत, कधी अकरा. कित्येकांचा फोन म्हणजे धाकट्या भावंडांच्या शाळेचाही फोन.

महिनाभर त्यांनी नेटाने पुस्तकातले शिकवून पाहिले. मग एक दिवस त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना काम दिले. तुमच्या गावाची वेस कोणी बंद केली? सरपंचाने, पोलीस पाटलाने, ग्रामसभेने, की चार तरुणांनी आपल्या आपण? त्यांना तो अधिकार कोणी दिला? वेस कोणासाठी उघडली गेली आणि कोणासाठी नाही? रेशनचे धान्य कोणाला मिळाले, कोणाचे कार्ड चालले नाही? शाळेत ठेवलेल्या माणसांना जेवण कोठून येत होते, आणि एका वर्गात कोण कोणाबरोबर झोपायला तयार नव्हते? जे पाहिलेत तेवढेच लिहा, ऐकीव असेल तर ऐकीव असे लिहा, आणि कोणाचेही नाव लिहू नका, एवढ्या तीन अटी.

मुलांनी लिहिले. वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवले. पुढे महाविद्यालये उघडल्यावर मूळ कागद आणून दिले. त्यातले काही बाईंनी मला वाचायला दिले. मी कादंबऱ्या लिहितो. एखादे गाव उभे करायला मला दोनदोन वर्षे लागतात, आणि त्या चार-पाच कागदांत ते आपसूक उभे होते. एका मुलीने लिहिले होते की तिच्या गावात वेशीवर पहारा देणारी मुले तीच, जी एरवी पारावर बसल्याबद्दल बोलणी खात. पंधरवड्यात त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. चौदा दिवसांचा नियम त्यांच्या ओळखीच्यांना सात दिवसांचा झाला. दुसऱ्या एका मुलाने लिहिले की शाळेत ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांना व्हरांडा मिळाला आणि पुण्याहून आलेल्या विद्यार्थ्यांना वर्गखोल्या. हे कोणी ठरवले असे विचारले तर कोणीच सांगेना. जणू ते आधीच ठरलेले होते. सत्तेची व्याख्या पुस्तकात दीड पान भरते. या दोन मुलांनी ती न लिहिताच लिहून दाखवली होती.

त्या काळात एक शब्दही आपल्या तोंडी असा बसवला गेला की त्याच्यावर राज्यशास्त्राचा आख्खा तास व्हावा. ‘सामाजिक अंतर’. दोन माणसांत दोन हात जागा सोडा, एवढाच त्याचा अर्थ. ते शारीरिक अंतर. सामाजिक अंतर या भूमीला सरकारने शिकवण्याची गरज कधीच नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला तो हेच अंतर मोडायला, आणि ते घर आहे तेव्हाच्या गंज पेठेत. काही जाणत्यांनी शब्द बदला म्हणून सांगून पाहिले, पण तोवर पाट्या रंगवून झाल्या होत्या. असो.

आता संशोधनाकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. दारोदार फिरून माणसांना प्रश्न विचारणे ही पुण्याची जुनी विद्या आहे. धनंजयराव गाडगिळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती दोन भागांत १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. कोण कोणत्या पेठेत राहतो, काय कमावतो, मूळचा कुठला, हे घरोघर जाऊन टिपलेले. विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात व. म. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याचा मतदार काय विचार करून मत देतो याचा अभ्यास केला, तो देशातल्या अशा पहिल्या काही अभ्यासांत धरला जातो. पुढे राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर यांनी ही परंपरा राज्यभर आणि देशभर नेली. तिचा पाया एकच: उंबऱ्यापर्यंत जायचे.

२०२० मध्ये उंबराच बंद झाला. संशोधक फोनकडे वळले, आणि त्यांनी काही मोलाचे कामही केले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने बारा राज्यांतल्या सुमारे पाच हजार श्रमिकांना फोनवर गाठून विचारले, तेव्हा दोनतृतीयांश लोकांचे काम गेल्याचे निघाले. पण फोनवर कोण भेटते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की स्वतः वापरता येईल असा मोबाइल त्यांच्याजवळ आहे. उरलेल्या ४६ जणींना विचारायचे तर आधी नवऱ्याच्या, मुलाच्या हाती फोन जायचा. आणि तो शेजारी बसून ऐकणार. तिथे ‘घरात कोणाला आधी जेवायला मिळते’ हा प्रश्न विचारून काय उपयोग?

पण उंबऱ्यापर्यंत जाणे अशक्य होते, असेही म्हणवत नाही. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात, साथ ऐन भरात असताना, पुण्यात घरोघर जाऊन लोकांचे रक्त तपासले गेले. आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी महापालिकेच्या मदतीने पाच प्रभागांत १,६६४ जणांचे नमुने घेतले. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर होते आणि झोपडपट्टीत, सामाईक संडास असलेल्या वस्तीत ते सगळीकडेच चढे होते. उत्तम काम झाले. ती मुले-मुली प्लॅस्टिकचा पोशाख घालून घामाघूम होत त्या बोळांतून फिरली, त्यांना माझा दंडवत. मला चुटपुट लागते ती वेगळीच. त्याच दारात, त्याच माणसाला, रक्ताची नळी भरेपर्यंत आणखी पाच प्रश्न विचारता आले असते. पत्रे लावून तुमचा बोळ बंद केला तेव्हा तुम्हाला कोणी विचारले होते का? धान्य कोणी आणले, नगरसेवकाने, मंडळाने, की मशिदीतल्या माणसांनी? दंडुका कोणी खाल्ला? नातेवाइकाला नेले तेव्हा कुठे नेले ते कळले का? विषाणू कोणाच्या अंगाला लागला ते आपण दशांश चिन्हापर्यंत मोजले. सरकारचा हात कोणाच्या अंगाला कसा लागला, ते मोजायला कोणी गेले नाही.

सरकारनेही मोजले नाही. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले, जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले, हे आपल्याला आठवते. वाटेत असे किती गेले? १४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत हा प्रश्न आला तेव्हा श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर आले की अशी माहिती ठेवली जात नाही. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला होता, त्यामुळे उपप्रश्न विचारायलाही कोणाला उभे राहता आले नाही. बँकेत रोजची रोकड एक रुपयाने जुळली नाही तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू. माणसांचा ताळेबंद जुळवायला कोणी बसले नाही.

नोंद नसली की काय होते, याचा सर्वांत कडू अनुभव पुण्याच्याच एका राज्यशास्त्रज्ञाने घेतलेला आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले १८९७ च्या वसंतात वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात गेले होते. वय एकतीस. आयोगापुढची त्यांची साक्ष आकड्यांनी भरलेली, एकेक विधान सरकारी कागदाने सिद्ध केलेले. ती झाली आणि पुण्याहून पत्रे येऊ लागली. मार्च ते मे रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरात शिरत होते, देवघरे, माजघरे धुंडाळत होते. पत्रांत भयंकर मजकूर होता. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला, असे त्यात लिहिले होते. लिहिणारे विश्वासाचे लोक होते. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यावर गोखल्यांनी हे ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले. तिथे वादळ उठले. मुंबई सरकारने साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला.

गोखले जुलैअखेर बोटीने मुंबईला उतरले तेव्हा २७ जुलैला टिळकांना अटक झालेली होती, पुण्यात धरपकड चालू होती. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना त्यांनी विचारले. कोणी पुढे यायला तयार होईना. ज्या घरांत हे घडल्याचे सांगत, त्या घरातली माणसे बोलेनात. कोणत्या घरातली माणसे बोलली असती? आणि पत्रलेखकांची नावे सांगणे गोखल्यांना शक्य नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छीः थू झाली. ती माफी पुढे कित्येक वर्षे त्यांच्या नावाला चिकटून राहिली.

या प्रकरणाकडे आपण आजवर राजकारण म्हणून पाहिले: मवाळ कसे मऊ, जहाल कसे ताठ. मला ते बँकेतल्या माणसाच्या नजरेने दिसते. व्हाउचर नव्हते. प्रसंग घडला तेव्हाच, घडला तिथेच, कोणी शांतपणे विचारून, नावाला धक्का न लावता, तारीख-वार घालून लिहून ठेवले असते, तर गोखल्यांना सहा हजार मैलांवरून ऐकीव मजकुरावर उभे राहावे लागले नसते. ते घडले की नाही हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पंडिता रमाबाईंसारख्या बाईने पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या व्यवस्थेविषयी त्याच वर्षी वृत्तपत्रात लिहिले होते. तेवढा एक स्त्रीचा आवाज सोडला तर १८९७ ची साथ आपल्याला माहीत आहे ती रँडच्या बाजूने, टिळकांच्या लेखांतून आणि दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तातून. ज्या माजघरात शिपाई शिरले, त्या माजघरातली बाई यातल्या कोणत्याच कागदात बोलत नाही. कादंबरीकाराला ते सोयीचे असते, तिच्या तोंडी मी हवे ते घालू शकतो. शास्त्राला ती मुभा नाही.

गोखल्यांच्या नावाने १९३० मध्ये पुण्यात जी संस्था निघाली, तिने पुढे दारोदार फिरून पाहणी करण्याची शिस्त देशाला घालून द्यावी, हा योगायोग असेल. मला मात्र ते जुने कर्ज फेडल्यासारखे वाटते.

आता आपण कुठे आहोत? २०२१ ची जनगणना साथीमुळे पुढे गेली ती गेलीच, आता २०२७ ची ठरली आहे. म्हणजे साथीने कोणत्या गावातून किती माणसे हलवली हे कळायला आधाराची आकडेवारी सोळा वर्षांपूर्वीची. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे साथीत आमच्यासाठी काय केलेत, असे ज्या नगरसेवकांना मतदानातून विचारायचे, ते विचारण्याची वेळही टळून गेली. ११ मार्च २०२१ ला तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली तेव्हा नव्या पेठेत शास्त्री रस्त्यावर हजारो मुले उतरली, आणि परीक्षा २१ मार्चला घ्यावी लागली. ती मुले आज तिशीच्या घरात आहेत. काही अधिकारी झाली, बहुतेक झाली नाहीत. त्या संध्याकाळी रस्त्यावर काय होते ते त्यांना विचारायला अजून कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यावर मला दोन उत्तरे ऐकायला मिळतात. एक म्हणजे, साथीवर ढिगाने लेख निघाले आहेत, चर्चासत्रे झाली आहेत. झाली आहेत खरी. पडद्यावरच्या चर्चासत्रांना २०२० मध्ये ऊत आला होता. राज्यसंस्था आणि महामारी, लोकशाही आणि महामारी. त्यातले बरेच लेख घरात बसून वर्तमानपत्रे आणि सरकारी परिपत्रके वाचून लिहिलेले आहेत. लिहिणाऱ्यांचा दोष नाही, पण कासेवाडीच्या बोळातला माणूस त्यात नाही. दुसरे उत्तर जास्त मनापासूनचे असते: लोकांना आता आठवायचे नाही, त्यांना कशाला छळता? माझा अनुभव उलटा आहे. माझ्या जुन्या शाखेतला एक शिपाई सांगत होता. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यावरचे पाचशे रुपये काढायला बायकांची रांग खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे लावायची होती. त्यांतल्या कित्येकींना आपल्या खात्याचा आकडा ठाऊक नव्हता, तेव्हा त्याने खडूने त्यांच्या पिशव्यांवर आकडे लिहून दिले. तासभर बोलत होता. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलेच नव्हते म्हणाला.

माझे मागणे फार नाही. पुणे आणि परिसरात राज्यशास्त्र शिकवणारी महाविद्यालये कितीतरी आहेत, आणि आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला गुणही आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वर्ष फक्त एका माणसाशी बोलावे. वॉर्डातली आशाताई, स्मशानातला कामगार, नाक्यावर उभा राहिलेला हवालदार, पास नाकारला गेलेला टेम्पोवाला, पास देणारा कारकून. कोणी काय हुकूम दिला, तो कागदावर होता की तोंडी, कोणी पाळला, कोणी मोडला, तक्रार कोठे केली आणि तिचे काय झाले. दोन पाने पुरेत. नावे झाकून ठेवावीत आणि ती दोन पाने कुठल्या तरी ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवावीत. आजचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी २०२० मध्ये बारा-तेरा वर्षांचा होता. त्याला आपल्या आईशी बोलूनही सुरुवात करता येईल.

घाई करायला हवी, हे मी अनुभवाने सांगतो. जुन्या कागदांचे काय होते ते मी पाहिले आहे. प्रत्येक कचेरीत कोणता कागद किती वर्षे ठेवायचा याचे नियम असतात, आणि मुदत संपली की गठ्ठे रद्दीत जातात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, जागा नसते एवढेच. शाळाशाळांत ठेवलेल्या माणसांची नोंद करणाऱ्या ग्रामपंचायतींच्या वह्या, वाटलेल्या धान्याच्या याद्या, नाक्यांवरची रजिस्टरे यांचीही मुदत आज ना उद्या भरणार. माणसांची तर कोणत्याही नियमाविना भरते. २०२० मध्ये पंच्याहत्तरीचे असलेले आमच्या सोसायटीतले तिघे आता नाहीत.

शेजारच्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. मुलांच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी महाविद्यालयातल्या आपल्या कपाटात ठेवला आहे, आणि निवृत्तीच्या दिवशी ते कपाट रिकामे करून द्यावे लागते. परवा त्या विचारायला आल्या होत्या, एवढे कागद कोण ठेवून घेईल? मी दोन ठिकाणी पत्रे लिहिली आहेत. उत्तराची वाट पाहतो आहे. वाचकांपैकी कोणाला योग्य जागा माहीत असेल तर जरूर कळवावे.